पुढच्या पडद्यासमोर

पारशिवनीहून पश्चिमेला निघाले, कन्हान ओलांडून खाप्यावरून पुढे गेले की सावनेर येते. त्या सावनेरात २३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकरी गेले. वयाची चौतीस वर्षे पुरी व्हायला अजून चार महिने होते. क्षयाने शरीर पार खंगले होते आणि उशाशी ‘भावबंधन’ होते. या नाटकाचा शेवट त्यांनी मरणाच्या अगदी तोंडावर पुरा केला. त्यात घनश्यामसारखा सूडाने पेटलेला माणूस आहे, तसेच कामण्णा आणि धुंडिराज आहेत. ही दोन माणसे पुढे वर्षानुवर्षे महाराष्ट्राला पोट धरधरून हसवत राहिली. अंगातली शेवटची ताकद गडकऱ्यांनी ज्या कामावर खर्च केली, त्यात हसवण्याचे काम होते. आपल्या शेजारच्या तालुक्यात घडलेली ही गोष्ट आपल्याकडच्या मुलांना क्वचितच कोणी सांगते.

गडकऱ्यांचे नाव इकडे अनोळखी नाही. सावनेरात त्यांचे स्मारक आहे. त्यांच्या नावाचा सहकारी साखर कारखानाही निघाला होता. शाळेत ‘एकच प्याला’ची नायिका सिंधू हिची गोष्ट ऐकून डोळे पुसलेली एक अख्खी पिढी आहे. गडकरी म्हणजे अश्रू, गडकरी म्हणजे अलंकारांनी मढवलेली लांबलचक वाक्ये, ही समजूत मात्र इतकी पक्की झाली की त्यांच्या नाटकांतला अर्धा भाग वाचायचाच राहून गेला. तो अर्धा भाग विनोदाचा आहे. हे पुस्तक त्या अर्ध्या भागाबद्दल आहे. गडकरी रंगभूमीवर कसे आले, तिथे काय काय कामे केली, त्या कामांतून त्यांचा विनोद कसा घडला आणि आज एखाद्या तालुक्याच्या गावी तो उभा करायचा तर कसा करावा, हे संपादकांनी प्रवेशवार मांडले आहे. प्रस्तावना लिहायला त्यांनी मला सांगितले, कारण या गावात मी बरीच वर्षे शाळेतल्या मुलांची नाटके बसवली. त्यापलीकडे माझा अधिकार नाही. जे सांगतो ते तालमीत शिकलो म्हणून सांगतो.

गडकऱ्यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी नवसारीला झाला. लहानपण गुजरातेत गेले आणि शाळेची सुरुवात गुजरातीतून झाली. वडील लवकर गेले, घराची ओढाताण झाली, शिक्षण रखडत रखडत पुण्यात मॅट्रिकपर्यंत आले. फर्ग्युसन कॉलेजात नाव घातले, पण पहिल्याच वर्षानंतर ते सुटले. मराठी भाषेचा इतका हव्यास असलेला माणूस घरात मराठी आणि दाराबाहेर दुसरी भाषा ऐकत वाढला, याला मी फार महत्त्व देतो. ज्याला दोन भाषा एकाच वेळी कानावर येतात त्याला शब्दाचा आवाज शब्दाच्या अर्थापासून सुटा ऐकू येतो. कोटी करणाऱ्याची पहिली गरज तीच. एकच आवाज दोन अर्थांकडे ओढला जातो आहे, हे ज्याला बोलता बोलता ऐकू येते, तोच कोटी करतो. आपल्या भागातल्या पोरांना हे समजावून सांगावे लागत नाही. मराठी आणि हिंदी यांच्या मधल्या पट्टीत आपण सगळेच राहतो.

कॉलेज सुटल्यावर गडकरी किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तीच ही मंडळी. गडकरी तिथे गेले तोवर ती महाराष्ट्रातली मानाची कंपनी झालेली होती. गडकऱ्यांना काम मिळाले ते कंपनीतल्या लहान नटांना शिकवण्याचे. नाटकाच्या रात्री दारावर उभे राहण्याचे कामही त्यांच्या वाट्याला आले. चरित्रकार हा भाग हळहळून सांगतात, आणि उद्याचा एवढा मोठा नाटककार दारावर उभा, ही कल्पना जिव्हारी लागतेच. तरी मला ते दिवस फुकट गेलेले वाटत नाहीत. दारावर उभ्या असलेल्या माणसाला रंगमंच अर्धवट दिसतो, पण प्रेक्षागृह पूर्ण ऐकू येते. पिटातला हंशा कुठे उठतो, वरच्या वर्गाचा कुठे, कुठल्या वाक्याला माणसे खोकायला लागतात, कुठल्या प्रवेशाला विडी ओढायला बाहेर पडतात, हे त्याला रोज कळते. नटांना शिकवताना आणखी एक गोष्ट कळते. त्या काळी प्रत्येक नटाला आपल्या भूमिकेचे बोलणे तेवढे लिहून मिळे. त्याला नक्कल म्हणत. नकलेवरून मुलाकडून वाक्य पाठ करून घेताना जीभ कुठे अडखळते ते मास्तराला समजते. गडकऱ्यांची वाक्ये कागदावर लांब दिसतात, पण मोठ्याने म्हटली की श्वास घ्यायच्या जागा त्यांत बरोबर सापडतात. ज्याने पोरांकडून पाठांतर करून घेतले आहे त्याच्याच हातून अशी वाक्ये उतरतात.

याच वर्षांत ते वर्तमानपत्रांत आणि मासिकांत लिहू लागले. ‘गोविंदाग्रज’ या नावाने कविता, ‘बाळकराम’ या नावाने विनोदी लेख. पहिले नाटक ‘गर्वनिर्वाण’ लिहून झाले, पण त्यांच्या हयातीत त्याचा पडदा उघडला नाही. तेव्हा रंगभूमीवरची कारकीर्द धरायची ती १९१२ च्या ‘प्रेमसंन्यास’पासून. तिथून मृत्यूपर्यंत सात वर्षेही होत नाहीत. एवढ्या काळात ‘प्रेमसंन्यास’, ‘पुण्यप्रभाव’, ‘एकच प्याला’ आणि ‘भावबंधन’ ही चार नाटके पुरी झाली. ‘राजसंन्यास’ आणि संपूर्ण विनोदी असे ‘वेड्यांचा बाजार’ अपुरी राहिली.

आता ज्या गोष्टीसाठी मी ही प्रस्तावना लिहायला घेतली तिच्याकडे येतो.

जुन्या नाटकगृहात दृश्ये रंगवलेल्या पडद्यांवर असत. राजवाडा, जंगल, रस्ता, दिवाणखाना असे एकामागे एक टांगलेले पडदे. मोठ्या प्रवेशाला रंगमंचाची सगळी खोली वापरत आणि त्यासाठी मागे सामान मांडावे लागे. ते मांडेपर्यंत प्रेक्षकांना रिकामे बसवून चालत नसे. मग पुढचा पडदा सोडायचा आणि त्याच्यासमोरच्या चार हात पट्टीत एक छोटा प्रवेश करायचा. मागून खुर्च्या ओढल्याचे, खिळे ठोकल्याचे आवाज येत असताना पुढे दोन माणसांनी लोकांना धरून ठेवायचे. विनोदी प्रवेशांची हक्काची जागा ती होती. तिथे बसायला काही नाही, हातात घ्यायला फारसे काही नाही, पळापळ करायला जागा नाही. असतात दोन नट आणि त्यांचे बोलणे.

गडकऱ्यांच्या विनोदाला शाब्दिक म्हणून नाके मुरडणारे टीकाकार तेव्हाही होते, आजही आहेत. कोट्यांचा अतिरेक आहे हे मलाही मान्य आहे. पण ही कोटी कुठे उभी राहून करायची आहे ते आधी पाहिले पाहिजे. चार हात पट्टीत, मागच्या ठोकाठोकीवर मात करून, मध्यरात्र उलटलेल्या प्रेक्षकाला जागे ठेवायचे असेल तर नाटककाराकडे शब्दाशिवाय दुसरे हत्यार काय होते? गडकऱ्यांनी ते परजले. घरात आरामखुर्चीत बसून वाचणाऱ्याला ते फार लखलखते वाटते, कारण ते त्याच्यासाठी घडवलेले नव्हतेच.

हे मला कसे उमगले ते सांगतो. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी ‘प्रेमसंन्यास’मधली गोकुळची साक्ष बसवत होतो. गोकुळ हा विसरभोळा माणूस. आठवण राहावी म्हणून कपड्याला गाठी मारतो, आणि गाठ कशासाठी मारली तेच विसरतो. असा माणूस कोर्टात साक्षीला उभा राहतो, आणि काय होते ते या पुस्तकात पुढे आहेच. गोकुळ करणारा मुलगा हुशार होता, वाक्ये चोख पाठ होती, पण कोणी हसत नव्हते. मी त्याला हावभाव शिकवले. डोके खाजव, डोळे फिरव, गाठ वर धरून दाखव, पिंजऱ्यात येरझारा घाल. तरीही काही नाही. व्हरांड्यात तालीम चालू असताना एक वयस्क गृहस्थ नातवाला न्यायला आले आणि खांबाला टेकून पाहत राहिले. आयुष्यभर खडी गंमतीत काम केलेला माणूस. तालीम संपल्यावर जवळ येऊन म्हणाले, “मास्तर, पोट्ट्याले एवढं हालवता कायले? उभा राहू द्या न त्याले. तो हालते, मंग बोल कोण आयकन?”

दुसऱ्या दिवशी मुलाला मी कठड्याला दोन्ही हात टेकवून उभे केले आणि हात सुटले तर खबरदार, असे बजावले. वकील प्रश्न विचारतो, गोकुळ उत्तर देतो. मान स्थिर, हात स्थिर. हातातली गाठ तेवढी बोटांनी चाचपायची परवानगी दिली, तीही न बघता. पाचव्या-सहाव्या वाक्याला व्हरांड्यात बसलेली पोरे फुटली. सातवीतली एक मुलगी हसता हसता ओढणीत तोंड खुपसून बसली. गोकुळला आपण काही गमतीचे बोलतो आहोत याचा पत्ता नसावा, हे मुलाच्या स्थिर अंगातून आपोआप आले. बोटे गाठीवर फिरत होती आणि चेहरा अगदी प्रामाणिक होता. एखादा माणूस जिवाच्या आकांताने खरे आठवू पाहतो आहे, असे दिसत होते.

रामटेक, पारशिवनी, मौदा आणि पलीकडे भंडाऱ्यापर्यंतच्या या पट्ट्यात खडी गंमत काय आहे ते सांगायला नको. बाहेरच्या वाचकासाठी एवढेच सांगतो की खडी म्हणजे उभी. शाहीर, साथीदार, नाच्या, सोंगाड्या सगळे उभे राहून रात्र काढतात. पडदा नाही, नेपथ्य नाही. सवाल-जवाबाची ठिणगी उडाली तर गंमत, नाहीतर लोक उठून जातात. किर्लोस्कर मंडळीच्या झुंबराखालचे नाटक आणि आपल्याकडची चौकातली गंमत यांत मी आधी फार अंतर समजत होतो. पोशाखाचे, गाण्याचे, भाषेचे अंतर आहेच. पण पुढच्या पडद्यासमोरची ती चार हात जागा आणि गंमतीचे रिंगण यांचा नियम एकच आहे. उभे राहा, बोला, बोल पडू द्या. गडकऱ्यांनी खडी गंमत पाहिली होती असा दावा मी करत नाही. एकाच अडचणीवर दोन ठिकाणच्या कलावंतांनी एकच उपाय शोधला, एवढेच म्हणतो. म्हणूनच गडकऱ्यांचे विनोदी प्रवेश करण्याची तयारी आपल्या तालुक्यातल्या मुलांच्या अंगात आधीपासून असते, असे मला मनापासून वाटते.

गडकऱ्यांच्या आधीही मराठी नाटकात हसवणारी माणसे होती. १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हापासून सूत्रधाराबरोबर विदूषक असे. पुढे पौराणिक नाटक संपल्यावर फार्स करण्याची प्रथा पडली. आधी देवादिकांचे गंभीर आख्यान, मग पोट भरून हसायचे, अशी सरळ वाटणी. गोविंद बल्लाळ देवलांनी मोलियरच्या एका प्रहसनावरून ‘फाल्गुनराव’ लिहिले, त्याचेच पुढे ‘संशयकल्लोळ’ झाले आणि १९१६ मध्ये ते गंधर्व मंडळीने रंगभूमीवर आणले. देवलांचा विनोद प्रसंगाचा आहे. कोणी कोणाला कुठे पाहिले आणि काय समजून घेतले, यावर सारे यंत्र फिरते, आणि ते इतके नेटके आहे की आजही कुठे तेल घालावे लागत नाही.

गडकऱ्यांचे गुरू मात्र श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. जन्म नागपूरचा, १८७१ चा. पुढे वकिली आणि संसार वऱ्हाडात, बराच काळ खामगावला. पुण्या-मुंबईच्या रंगभूमीला कल्पनाविनोद शिकवणारा माणूस खामगावात राहत होता, हे आपल्याकडच्या वाचकाने लक्षात ठेवावे. कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याचे पोहे’शिवाय बाळकराम जन्मला नसता. नाटकांचे विषयही गुरूकडून आलेले दिसतात. कोल्हटकरांनी ‘मूकनायक’मध्ये १९०१ साली दारूवर लिहिले, ‘मतिविकार’मध्ये १९०७ साली विधवाविवाहावर. शिष्याने विधवेचा प्रश्न ‘प्रेमसंन्यास’ला घेतला आणि दारूचा ‘एकच प्याला’ला. पण कोल्हटकरांचे पात्र कोटी करते तेव्हा कोल्हटकर बोलताना ऐकू येतात. सगळेच हुशार, सगळेच सारखे बोलणारे. गडकऱ्यांनी विनोद पात्राच्या तोंडात नेऊन बसवला. गोकुळची गंमत तळीरामाला करता येणार नाही आणि तळीरामाची धुंडिराजाला जमणार नाही.

या तिघांकडे एकामागून एक पाहिले तर सात वर्षांतला गडकऱ्यांचा प्रवास दिसतो, आणि मला तोच त्यांच्या कारकिर्दीचा कणा वाटतो.

गोकुळ नाटकाच्या कडेला आहे. मध्ये जयंत-लीलेची शोकांतिका चालू आहे, आणि गोकुळ अधूनमधून येऊन हसवून जातो. कोर्टाच्या प्रवेशात तो कथानकाला शिवतो, पण तेवढेच. जुन्या फार्सची सवय अजून पुरती सुटलेली नाही. फक्त तो शेवटी न येता मध्ये मध्ये येतो.

तळीरामाचे तसे नाही. सुधाकर वकील आहे, मुन्सफाशी खटका उडतो, सनद काही काळ रद्द होते, आणि अपमानाने जळणाऱ्या या माणसापुढे त्याचा कारकून तळीराम पहिला प्याला धरतो. इथे विनोदी पात्रच शोकांतिकेचे दार उघडते. तळीरामाचे आर्यमदिरामंडळ ही मराठी रंगभूमीवरची एक अफाट कल्पना आहे. ज्या काळात गावोगावी मंडळे, परिषदा, ठराव आणि भाषणे यांचा सुकाळ होता त्या काळात गडकऱ्यांनी दारुड्यांची रीतसर संस्था काढली. तिथे दारूचे समर्थन तर्कशुद्ध भाषेत होते, तत्त्वज्ञानाचा आधार देऊन होते, आणि प्रेक्षक हसत सुटतो. तीच माणसे पुढे एका घराचा सत्यानाश करतात. आपण कशाला हसलो ते प्रेक्षकाला नंतर कळते आणि त्याचा घास घशात अडकतो. तळीराम हे विशेषनाम मराठीत सामान्यनाम झाले. ज्यांनी नाटक पाहिले नाही, वाचले नाही तेही गावातल्या दारुड्याला तळीराम म्हणतात. एखाद्या पात्राला भाषेने याहून मोठा मान द्यायचा तरी कसा?

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगावीशी वाटते. आमच्या भागात दारू हा पुस्तकातला विषय नाही. मी ‘एकच प्याला’तले मंडळाचे प्रवेश करून घेताना पाहिले आहे की प्रेक्षकांत पुरुष मोठ्याने हसतात आणि बायका हसत नाहीत, निदान सुरुवातीला तरी नाही. त्या आधीच शेवट जाणून असतात. गडकऱ्यांनी तळीरामाच्या बायकोला, गीतेला, जी जीभ दिली आहे ती त्या बायकांसाठी आहे. गीता बोलायला लागते आणि मग स्त्रियांच्या बाजूने हंशा येतो. नाटक बसवणाऱ्याने गीतेचे प्रवेश वेळ वाचवायला म्हणून कापू नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

तिसरा धुंडिराज. तो ‘भावबंधन’मधला प्रेमळ, भोळा, गोंधळलेला बाप. त्याच्या बोलण्याच्या लकबींना आपण पहिल्या अंकात मनसोक्त हसतो. मग घनश्यामचे कारस्थान त्याच्यावर कोसळते. ज्या भोळेपणाला हसलो तोच त्याच्या गळ्याचा फास होतो. गोकुळ दुःखाच्या शेजारी होता, तळीराम दुःखाला कारण झाला, आणि धुंडिराज स्वतःच ते दुःख भोगतो. हसू आणि रडू यांच्यासाठी आता दोन वेगळी माणसे लागत नाहीत, पुढचा आणि मागचा असे दोन पडदेही लागत नाहीत. सावनेरात शेवटच्या दिवसांत गडकरी ज्या कागदांवर झुकले होते त्यांवर हा माणूस होता. आणखी दहा वर्षे मिळती तर मराठी नाटक इथून कुठे गेले असते, याचा विचार करायला लागलो की रात्री झोप येत नाही.

‘पुण्यप्रभाव’बद्दल मी फार लिहीत नाही. १९१६ मध्ये ते किर्लोस्कर मंडळीने केले. एके काळी ज्या कंपनीच्या दारावर उभे राहावे लागले तिनेच आता त्यांचे नाटक रंगमंचावर आणले, एवढे समाधान त्यात आहे. पण नूपुर, सुदाम, दामिनी यांचे विनोदी प्रवेश मला मुख्य कथेला टाचणीने टोचल्यासारखे वाटतात. ‘राजसंन्यास’ अपुरे असूनही त्यातला जिवाजी कलमदाने त्या सगळ्यांना पुरून उरतो. तलवारीच्या काळात लेखणीच्या जोरावर जगू पाहणारा हा कारकुनी वृत्तीचा माणूस एकटा घेतला तरी तासाभराचा प्रयोग होईल.

दोष सांगायला हवेत. शरीराच्या व्यंगावरचे, रूपावरचे विनोद गडकऱ्यांत पुष्कळ आहेत. कामण्णाचे हसू बरेचसे त्याच्या रूपावर उभे आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या प्रेक्षकाला त्यात काही खटकले नसेल, पण समोर बसलेल्या मुलांपैकी एखादे तसे असेल तर ते हसू कुणाला टोचते ते मास्तराने पाहायलाच हवे. मी अशी वाक्ये गाळत आलो आहे आणि संपादकांनीही प्रयोगाच्या संहितेत ती गाळली आहेत. मूळ पाठ ज्याला पाहायचा त्याला सहज मिळतो. दुसरा दोष लांबीचा. पाच अंकी, रात्रभर चालणाऱ्या नाटकासाठी लिहिलेले प्रवेश आहेत ते. पण कात्री लावताना एक काळजी घ्यावी. गडकरी एकाच शब्दावर तीन-चार कोट्या करतात तेव्हा पहिल्या दोन कमजोर असतात आणि त्या मुद्दाम तशा असतात. त्यांच्यावर चढूनच शेवटची कोटी टाळी घेते. पायऱ्या काढल्या तर माडीवर जाणार कसे?

गडकरी गेल्यावर महिनाभरात, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला. गाणी विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहून दिली होती. सिंधू बालगंधर्वांची, सुधाकर गणपतराव बोडसांचा. लेखकाने तो प्रयोग पाहिला नाही. ‘भावबंधन’ त्याच वर्षी मास्टर दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळीने आणले. ही कंपनी १९१८ मध्येच निघालेली होती आणि गडकऱ्यांचा तिला मोठा आधार होता. दीनानाथ लतिका झाले, चिंतामणराव कोल्हटकरांनी घनश्याम केला. कामण्णाची भूमिका दिनकर ढेरे नावाच्या नटाकडे गेली. त्याने ती अशी काही केली की लोक त्याचे आडनाव विसरले. तो पुढे जन्मभर दिनकर कामण्णा म्हणूनच ओळखला गेला.

पुढे माधवराव जोशींनी १९२५ मध्ये ‘म्युनिसिपालिटी’ लिहून विनोदाला गावच्या कारभारात ओढले. ‘वऱ्हाडचा पाटील’ही त्यांचेच. गडकऱ्यांना गुरू मानणाऱ्या आचार्य अत्र्यांनी १९३३ च्या ‘साष्टांग नमस्कार’पासून एकामागून एक विनोदी नाटके दिली. आर्यमदिरामंडळातल्या छांदिष्टांचे नातेवाईक अत्र्यांच्या नाटकांत जागोजागी भेटतात. त्या वंशावळीत मी इथे शिरत नाही, तो एका वेगळ्या पुस्तकाचा विषय आहे.

हे पुस्तक मनातल्या मनात वाचू नये. प्रत्येक प्रवेशाला निदान दोन माणसे जमवावीत आणि उभ्याने, मोठ्याने वाचावे. संपादकांनी प्रवेशांच्या सुरुवातीला किती जागा लागेल ते पावलांत दिले आहे. बहुतेक ठिकाणी तो आकडा चार किंवा पाच आहे. शाळेचा व्हरांडा, ग्रामपंचायतीचा ओटा, गणपतीचा मांडव, कुठेही तेवढी जागा निघते. पोशाखाची हौस असेल तर करावी, नसेल तर गोकुळसाठी एक उपरणे पुरे. तेही नवे नको. वापरून मऊ झालेले असावे म्हणजे गाठ घट्ट बसते आणि न बघता बोटांना सापडते.

पहिला प्रवेश त्याचाच आहे.